कचरा आलाय

माझ्या बाबांनी आयुष्यात तीनच डॉक्टरांना अंगाला हात लावू दिला, आणि त्यातले दोन जनावरांचे होते. दोघेही त्यांच्या गॅरेजचे गिऱ्हाईक. एकाने बोटाला टाके घातले, दुसऱ्याने पाठीवरची गाठ दाबून बघितली आणि म्हणाला, "घोड्याला असती तर मी झोपलो असतो निवांत." मग बाबाही निवांत झोपले. गाठ अजून तिथेच आहे.

तिसरा हृदयाचा. त्याच्याकडे बाबा स्वतःहून गेले नाहीत, बाजाराच्या पिशव्यांसकट कोसळले म्हणून नेले गेले. हृदयातली एक झडप पार कामातून गेलीय, बदलावी लागेल, असं त्याने सांगितलं. आणि बदलायच्या आधी दातांच्या डॉक्टरचा कागद मागितला, तोंडात कुठेही पू नाही असा. तोंडातला पू रक्तातून नव्या झडपेवर जाऊन बसला तर माणूस गेलाच म्हणून समजा.

बाबांच्या खालच्या डाव्या दाढेत पू होता. गाल एवढा सुजला होता की आई त्यांच्याशी उजव्या बाजूने बोलायची. आणि त्यांची एकुलती एक मुलगी, म्हणजे मी, एकवीस वर्षं दातांची डॉक्टर आहे. दवाखाना आणि घर त्यांच्याच गॅरेजच्या डोक्यावर, मध्ये चौदा पायऱ्या. त्या पायऱ्या चढून ते रोज जेवायला वर यायचे, पण माझ्या खुर्चीत एकदाही बसले नाहीत. खुर्चीचा पंप बिघडला तेव्हा मात्र आले, आणि खुर्चीच्या वर नाही तर खाली झोपले. दोन तास खाली पडून पंप नीट केला आणि गेले.

ऑपरेशनला बारा दिवस राहिले होते, कागद सोमवारी द्यायचा होता. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असल्यामुळे दाढ उपटणं नको, असं हृदयाच्या डॉक्टरनेच बजावलं होतं. तेव्हा दाढेची मुळं आतून साफ करून ती बंद करायची, ज्याला सगळे रूट कॅनाल म्हणतात, एवढंच हातात होतं. मी रोज दहा जणांचं करते. मी बाबांना समजावलं, रागावले, हात जोडले. आईने जेवण बंद करायची धमकी दिली, पण तसंही त्यांना चावता येत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी ते गाल धरून म्हणाले, "थोरली चालू कर. मग बसतो तुझ्या खुर्चीत."

थोरली म्हणजे त्यांची मोटारसायकल. दोन सिलिंडरची, माझ्या आईच्या आधी या घरात आलेली, म्हणून आईने लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच तिला थोरली आणि स्वतःला धाकटी म्हणायला सुरुवात केली. "थोरलीला तेल पाजून झालं असेल तर धाकटीला जरा पाण्याची बादली उचलून द्या," असं मी लहानपणापासून ऐकत आले. तीन वर्षांपूर्वी बाबांना धाप लागायला लागली, गॅरेज बंद झालं आणि थोरली कोपऱ्यात चादरीखाली गेली. टाकीत आणि कार्बोरेटरात पेट्रोल तसंच ठेवून. ज्या माणसाने जन्मभर गिऱ्हाइकांना बजावलं की गाडी उभी करायची तर आधी पेट्रोल काढा, त्याच्याच गाडीत. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

"दोन कार्बोरेटर आहेत," बाबा म्हणाले. "दोन्ही तुंबलेत. साफ कर. दोन्ही सिलिंडर एका सुरात बोलले की मी खुर्चीत."

"आणि नाही बोलले तर?"

"तर मग जुनी झडप बरी आहे माझी."

मला इतका राग आला की मी दवाखान्याच्या दारावर 'रविवारपर्यंत बंद' असं लिहून लावलं आणि खाली गेले.

गॅरेजमध्ये मला लहानपणी कधी प्रवेश नव्हता. "हात खराब होतील" असं म्हणून बाबा दारातूनच परत पाठवायचे. दारातून दिसायचं ते एवढंच, की गिऱ्हाईक कुठलीही तक्रार घेऊन येवो, गाडी धक्के मारतेय, बंद पडतेय, धूर सोडतेय, बाबा मान तिरकी करून ऐकायचे आणि म्हणायचे, "कचरा आलाय." गॅरेजला पाटी नव्हती. असती तर तिच्यावर हेच लिहावं लागलं असतं.

आता ते स्टुलावर बसून सांगत होते आणि मी गुडघ्यावर बसून ऐकत होते. आधी टाकीखालची नळी काढ. आता हा पाना नको, तो घे. तो नाही, त्याच्या बाजूचा. तुला डॉक्टर कोणी केलं? मधेच एक स्क्रू हलेना, तेव्हा ते स्वतः उठले आणि त्यांनी स्क्रूड्रायव्हर हातात घेतला. टोक स्क्रूच्या खाचेत बसेना. एकदा, दोनदा, तीनदा. हात थरथरत होता. मग त्यांनी तो मला परत दिला, स्टुलावर बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालून टाकले. मला रडू आलं. मी स्क्रूला जोर लावला आणि तो सुटला.

कार्बोरेटरच्या तळाला एक वाटी असते, पेट्रोल आधी तिच्यात जमतं. मी डावी वाटी उघडली. आत पेट्रोल नव्हतंच, हिरवट तपकिरी डिंक होता, बोट लावलं तर तार येणारा. वास असा, की वाटलं माझ्या सगळ्या पेशंटांनी एकदम तोंड उघडलं.

"पू," मी म्हणाले.

"कचरा," बाबा म्हणाले.

त्या वाटीच्या वर पितळेचे दोन छोटे तुकडे स्क्रूसारखे बसवलेले असतात, त्यांना जेट म्हणतात. मधोमध भोक, त्यातून पेट्रोल मोजून वर जातं. मोठ्या जेटचं भोक निदान दिसतं. छोट्याचं भोक म्हणजे सुईच्या टोकाएवढं. गाडी जागेवर उभी असताना इंजिन त्या छोट्यावरच जगतं.

"एक लक्षात ठेव," बाबा म्हणाले. "भोकात हवा मारायची. नाहीच निघालं तर ब्रशचा एक केस. लोखंड घालायचं नाही. जीव गेला तरी नाही."

"बरं."

"बरं नको. लोखंड नाही, असं म्हण."

"लोखंड नाही," मी म्हणाले.

वाट्या आणि कार्बोरेटर रॉकेलच्या डब्यात भिजत घातले आणि चारही जेट वर नेले. माझ्याकडे एक यंत्र आहे, त्यातलं पाणी बारीक थरथरतं आणि त्या थरथरीने माझी हत्यारं स्वच्छ होतात. त्यात जेट टाकले. आई दारात येऊन उभी राहिली.

"लोकांच्या तोंडात जातं ना गं, ते यात धुतेस?"

"नंतर उकळते, आई."

"थोरली अखेर माडीवर आलीच म्हणायची," असं म्हणून ती गेली.

दोन्ही मोठे जेट अर्ध्या तासात लख्ख झाले. उजवीकडचा छोटाही झाला, दिव्यासमोर धरला तर प्रकाशाचा ठिपका दिसला. डावीकडचा छोटा मात्र आंधळाच. पुन्हा यंत्रात टाकला. हवा मारली. ब्रशचा केस घातला तो वाकला, दुसरा घातला तोही वाकला. शनिवारची दुपार झाली. खालून बाबा दर तासाला ओरडून विचारत होते, "बोलला का?" आणि त्यांचा आवाज सुजेमुळे तोंडात गोटी धरल्यासारखा येत होता. शिवाय शेजारची एक आजी बंद दारावर थापा मारून विचारून गेली, की रविवारपर्यंत तिने काय हिरड्यांनी खायचं का.

आणि समोर ट्रेमध्ये माझ्या सुया ठेवलेल्या होत्या.

या सुया आम्ही दाताच्या मुळात घालतो. पोलादाच्या, पीळ दिलेल्या, वर प्लॅस्टिकची रंगीत मूठ. आठ नंबरची केसापेक्षा बारीक, मग दहा, पंधरा, वीस, अशा चढत्या जाडीच्या. आणि प्रत्येक सुई टोकापासून वर जाताना थोडी थोडी जाड होत जाते. मी मनाशी म्हटलं, बाबा लोखंड म्हणाले होते, हे पोलाद आहे. वकील व्हायला हवं होतं मी.

आठ नंबरची सुई अलगद आत गेली आणि डिंकाचा एक कण बाहेर पडला. ठिपका दिसला. इथे थांबायचं होतं. पण दाताच्या मुळात कोणी आठवर थांबत नाही. आठ म्हणजे नुसती वाट दाखवायची, मग एकेक नंबर चढत मूळ आतून तासून रुंद करायचं, तेव्हा कुठे ते साफ झालं असं म्हणायचं. एकवीस वर्षं हात हेच करतोय. तो मला न विचारता पुढे गेला. दहा. पंधरा. वीस. मी रेडिओवरचं काहीतरी ऐकत होते. पंचवीस, तीस, पस्तीस, चाळीस. मग सहज हातमोज्याकडे नजर गेली आणि बोटावर सोनेरी भुकटी दिसली.

दाताची भुकटी पांढरी असते. ही पितळ होती.

मी दोन्ही छोटे जेट शेजारी शेजारी दिव्यासमोर धरले. उजवा ठिपका आणि डावा ठिपका. माझ्यासारखीला ते कळलं, म्हणजे फरक चांगलाच होता. रात्रभर मी मनात ठरवत होते की सांगून टाकू, आणि सकाळी उठून मी ते जेट निमूटपणे जागच्या जागी बसवले. वाटलं, कदाचित नाही कळणार. कदाचित थोरली मनावर घेणार नाही.

रविवारी सकाळी आई खिडकीत, बाबा स्टुलावर, टाकीत ताजं पेट्रोल आणि मी किकवर. सातव्या किकला थोरलीने उलटी लाथ मारली आणि माझी नडगी सोलवटली. अकराव्या किकला ती चालू झाली. आईने खिडकीत टाळ्या वाजवल्या. उजवं सिलिंडर ठकठक, ठकठक, अगदी शहाण्यासारखं. डावं खोकत होतं, थुंकत होतं, आणि त्या बाजूच्या नळीतून काळा धूर येत होता. मी हात सोडला तशी गाडी दोन आचके देऊन बंद पडली.

बाबा डोळे मिटून ऐकत होते. गाडी बंद पडल्यावरही त्यांनी थोडा वेळ डोळे उघडले नाहीत.

"डाव्याला काय झालं?"

"कचरा आला असेल," मी म्हणाले.

बाबांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि हसायला लागले. सुजलेल्या गालाने हसताना दुखत होतं, म्हणून गाल धरला आणि तरी हसले. मग धाप लागली, ओठ निळसर झाले, आई खिडकीतून "अहो, पुरे, पुरे" म्हणून ओरडली, मी धावले, त्यांनी मला हातानेच लांब केलं आणि उरलेलं हसून घेतलं.

"जेट काढ," ते म्हणाले.

मी काढून दिला. त्यांनी तो उजेडात धरला, एक डोळा मिटला.

"काय घातलंस यात?"

"सुई."

"कितवी?"

"चाळीस नंबरची," मी म्हणाले. "हाताच्या सवयीने झालं, बाबा. मला आठवर थांबायचं होतं."

ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी जेट खिशातल्या फडक्याने पुसला आणि मला परत दिला.

"चाळीस वर्षं मी लोकांना हे वाक्य ऐकवलं," ते म्हणाले. "दहात सहा वेळा कचराच असायचा. उरलेल्या चार वेळा मीच माती खाल्लेली असायची. आटा मी चेपलेला, वॉशर मी विसरलेला, आणि वर तोंड करून सांगायचं, कचरा आलाय. कोणाला काय कळतंय?"

"म्हणून तुम्ही डॉक्टरकडे जात नाही?"

"तो म्हणतो, झडप गेली. मी त्याच्या तोंडाकडे बघत बसतो. मला कसं कळणार, झडप गेलीय का कचरा आलाय?"

"आणि ते जनावरांचे डॉक्टर? त्यांच्यावर बरा विश्वास!"

"त्यांचे पेशंट लाथ मारतात. खोटं बोलायची त्यांना सवय नसते."

मला हसू आलं आणि रागही आला, आणि राग जास्त आला. "आणि मी? एकवीस वर्षं मी वर बसलेय, तुमच्या डोक्यावर. मी पण तसलीच वाटते तुम्हाला?"

"आरशात बघ," बाबा म्हणाले.

थोरलीच्या हँडलला एक गोल आरसा आहे. मी वाकून बघितलं. माझे दोन्ही कान लालभडक होते.

"पाचवीत प्रगतीपुस्तकावर माझी सही तूच ठोकलीस. बाईंनी बोलावलं तेव्हा म्हणालीस, बाबांनीच केली. तेव्हा असेच झाले होते. लग्न मोडून घरी आलीस आणि म्हणालीस, मला काही वाटत नाही, तेव्हाही. तू खोटं बोललीस की मला कळतं. असा डॉक्टर अख्ख्या जगात मला एकच आहे."

"मग आला का नाहीत कधी?"

बाबांनी पुन्हा हात मांड्यांखाली घातले. "दुखतंय हे मला माहीत होतं. किती वाईट आहे ते तुझ्या कानांवरून कळलं असतं. नको वाटायचं."

मी नडगीवरचं रक्त पुसलं. आई खिडकीतून गेली होती, बहुतेक डोळे पुसायला, पण पुढे कित्येक दिवस ती दूध उतू जात होतं असंच सांगायची.

"आता उठ," बाबा म्हणाले. "जेट घाल परत."

"हाच? खराब झालेला?"

"दुसरा आहे कुठे? या गाडीचा जेट आता मिळायचा तर भंगारात. भोक मोठं झालं म्हणजे पेट्रोल जास्त जाणार. मग हवा जास्त द्यायची, संपलं. त्यात रडायचं काय?"

मी जेट बसवला, काळा झालेला प्लग घासून पुसला आणि गाडी चालू केली. कार्बोरेटरच्या कुशीत हवेचा एक बारीक स्क्रू असतो, तो दीड आटा उघडा ठेवतात. बाबांनी डोळे मिटले. स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात, कान त्यांचे.

"पाव आटा सोड. अजून पाव. हं. अजून. घाई नको, तिला श्वास घेऊ दे. अजून पाव. थांब. गेलीस पुढे. जरासं मागे."

डावं सिलिंडर खोकायचं थांबलं. मग थुंकायचं थांबलं. काळा धूर विरळ होत गेला, आणि एका क्षणी मला दोन आवाज ऐकू यायचे बंद झाले, एकच यायला लागला. स्क्रू तीन आट्यांच्या आसपास होता. मी हळूच हँडल सोडलं. थोरली जागेवर उभी राहून बोलत राहिली, आणि बाबांची मान तिच्याबरोबर हलत राहिली.

आई खाली आली होती. तिने थोरलीकडे बघितलं, मग बाबांकडे. "तिचे आटे बसले. आता तुमच्या डोक्याचे बसले असतील तर चला वर."

चौदा पायऱ्यांना आम्हाला दहा मिनिटं लागली. सातव्या पायरीवर ते बसले, मी पण बसले. वर आल्यावर त्यांनी खुर्ची आधी नीट बघितली, पंपावर पाय ठेवून एकदा वरखाली केली आणि मगच बसले. त्यांच्या बुटांच्या तळव्यांना ग्रीस होतं, ते माझ्या पांढऱ्या पायपट्टीला लागलं. ते डाग मी अजून काढलेले नाहीत.

हृदयवाल्याने लिहून दिलेली जंतू मारायची गोळी एक तास आधी दिली होती. मी हात धुतले, मास्क लावला, टोपी चढवली.

"टोपी काढ," बाबा म्हणाले.

"काढता येत नाही, बाबा. नियम आहे."

"मग मागे सरकव. कान दिसू देत."

मी टोपी कानांमागे सरकवली. इंजेक्शन दिलं. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले, पण आवाज काढला नाही. जबडा बधिर व्हायला थोडा वेळ जातो, तेवढ्या वेळात मी ट्रेमध्ये सुया ओळीने मांडल्या, आठपासून चाळीसपर्यंत. बाबा त्या ओळीकडे बघत होते.

"एक सांग," ते म्हणाले. ओठ अर्धा बधिर झाला होता. "त्या झडपेतून मी उठेन ना?"

उठाल हो, काय भलतंसलतं बोलता, हे माझ्या जिभेवर तयार होतं. पेशंटला मी ते दिवसातून दहा वेळा सांगते. त्यांची नजर माझ्या चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना होती.

"मला माहीत नाही, बाबा," मी म्हणाले. "मी दातांची आहे. ते डॉक्टर म्हणतात शंभरातले पंच्याण्णव उठतात. तुम्ही त्यातले आहात का, मला माहीत नाही. मला भीती वाटतेय."

त्यांनी डावा कान बघितला. मग उजवा बघितला. घाई न करता, एकेक.

"हं," ते म्हणाले. "दोन्ही सारखे आहेत." मग त्यांनी डोकं मागे टेकवलं. "कर सुरू. फक्त भोक मोठं करू नकोस."

रूट कॅनालमध्ये भोक मोठंच करायचं असतं. सगळं काम तेवढंच असतं.

"नाही करणार," मी म्हणाले, आणि माझे कान तापले ते मला स्वतःलाच जाणवलं. पण बाबांनी तोवर डोळे मिटून तोंड उघडलं होतं.